व्हेन बदलल्यावर जुळलेला बाण का बिघडतो, आणि तो जुळलेला कसा ठेवायचा

तिरंदाजीच्या बाणाला मागे पिसांच्या जागी प्लास्टिकची जी पाती चिकटवतात, त्या व्हेन्स. त्यांची तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते: "बाण बाकीच्यांबरोबर मस्त ग्रुपमध्ये पडत होता. एक व्हेन निघाली, नवी लावली, आणि तेव्हापासून तो एकच बाण बाहेर जातोय. काढून पुन्हा लावली तरी तेच." मग कुणी म्हणतं गोंद जास्त झाला, कुणी म्हणतं व्हेन दुसऱ्या पाकिटातली आहे, कुणी म्हणतं रिलीज (बाण सोडण्याची पद्धत) सुधार. हे सगळं कधी कधी खरं असतं. पण क्लबातल्या मुलांचे बाण दुरुस्त करताना मला सारखं दिसतं ते वेगळंच. व्हेन चांगली असते, गोंदही चांगला असतो. नॉक (बाणाच्या मागच्या टोकाचा, धनुष्याच्या दोरीवर म्हणजे स्ट्रिंगवर बसणारा खाचेचा तुकडा) मात्र फिरलेला असतो, नाहीतर जिग (व्हेन्स ठरल्या जागी चिकटवायचा साचा) दुसऱ्याच्या बाणाला जुळवलेली असते. मुंबईत पावसाळा सुरू झाला की या तक्रारी वाढतात. मैदानावर गवत वाढतं, चुकलेला बाण त्याखाली सरकतो, अंधार पडायच्या आत तो घाईत मागे ओढला जातो आणि एकदोन व्हेन्स तिथेच राहतात. गवताखाली गेलेला बाण मागे ओढायचा नसतो. टोक मोकळं करायचं आणि ज्या दिशेने शिरला त्याच दिशेने पुढे काढून घ्यायचा. एवढ्याने निम्म्या दुरुस्त्या वाचतील.

ट्यूनिंग असतं कुठे

कार्बनचा शाफ्ट, म्हणजे बाणाची नळी, बघायला गोलाईभर सारखा दिसतो, पण त्याचा कडकपणा गोलाईभर सारखा नसतो. एक बाजू किंचित कडक असते, एक किंचित नरम. स्ट्रिंग सुटली की बाण आधी वाकतो आणि वाकत-सरळ होत पुढे जातो. तो कसा वाकणार हे या कडक बाजूचं तोंड कुठे आहे त्यावर ठरतं. म्हणून आपण बेअर शाफ्ट, म्हणजे व्हेन्स न लावलेला बाण, मारतो, नॉक थोडाथोडा फिरवतो, आणि सेटमधले सगळे बाण एकसारखे वागायला लागेपर्यंत ते करत राहतो; यालाच ट्यूनिंग म्हणतात. लाकडी बाण करणारे नॉकची खाच लाकडाच्या रेषांना आडवी कापतात, त्यामागेही हाच विचार आहे.

म्हणजे बाणाचं ट्यूनिंग व्हेनमध्ये नाही. ते नॉक आणि शाफ्ट एकमेकांशी कुठल्या कोनात बसले आहेत त्यात आहे, आणि व्हेन्स त्या नॉकच्या हिशोबाने लावलेल्या असतात. यातून जो नियम निघतो तो मी प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगतो. व्हेन बदलायची तर नॉकला हात लावायचा नाही, आणि नॉक बदलायचा तर व्हेन्सना हात लावायचा नाही. दोघांपैकी एक जागेवर असेल तर दुसरा त्यावरून जुळवता येतो. दोन्ही एकदम हलले तर बाण पुन्हा पहिल्यापासून जुळवायला लागतो.

आता "थोडासा फिरला" म्हणजे किती, याचा हिशोब एकदा करून बघा. ५.५ मिलिमीटर व्यासाच्या शाफ्टचा घेर साधारण १७.३ मिलिमीटर. त्याला ३६० ने भागलं की एक अंश म्हणजे पृष्ठभागावर ०.०५ मिलिमीटरसुद्धा भरत नाही. पाव मिलिमीटर म्हणजे पाच अंश. मार्करने काढलेली एक मिलिमीटर जाडीची रेघ म्हणजे तब्बल वीस अंश! जाड मार्करची खूण "जुळली" म्हणून बाण जुळला असं मानणाऱ्यांची फसगत इथे होते. खूण करायची तर बारीकात बारीक टोकाच्या पेनाने, आणि काळ्या कार्बनवर चंदेरी किंवा पांढऱ्या शाईने. ब्लेडने ओरखडा काढून खूण करू नका. कार्बनचे धागे कापले जातात.

आधी शाफ्ट तपासा, मग व्हेन

व्हेन आपोआप निघालेली नसते. दुसरा बाण येऊन घासलेला असतो, किंवा बटचा, म्हणजे ज्यावर टार्गेट लावतात त्या गादीचा, मध्य इतका झिजलेला असतो की बाण पार व्हेनपर्यंत आत घुसतो. पहिल्या प्रकारात शाफ्टलाही मार बसलेला असू शकतो. दोन्ही टोकं हातात धरून बाण तोंडापासून लांब, हलकेच वाकवा, फिरवत फिरवत चारी बाजूंनी वाकवा आणि कान द्या. कट असा आवाज आला, कुठे सुरकुती दिसली, किंवा कापसाचा बोळा फिरवताना धागे अडकले, तर तो बाण संपला. त्याच्यावर व्हेन लावण्यात वेळ घालवू नका आणि "सरावापुरता" म्हणून ठेवूही नका. तडा गेलेला कार्बन स्ट्रिंगवरून सुटताना फुटला तर त्याच्या काड्या हातात घुसतात. नॉकही नखाने दाबून, उजेडात धरून बघा. खाचेच्या मुळाशी केसाएवढी चीर असेल तरी तो नॉक टाकून द्यायचा.

व्हेन नुसती मुडपली असेल तर बदलण्याची घाई नको. विरार फास्ट लोकलमध्ये गर्दीत बाणांची ट्यूब दाबली गेली की प्लास्टिकच्या व्हेन्स हमखास वाकतात. मागचं टोक काही सेकंद कढत पाण्यात बुडवा, बहुतेक व्हेन्स आपोआप सरळ होतात. पाणी पुसा, सुकू द्या, झालं. जी व्हेन काढलीच नाही तिचं अलाइनमेंट बिघडायचा प्रश्नच नाही.

जिग बाणाला जुळवा, बाण जिगला नाही

खरी मेख इथे आहे, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एकच जिग अख्ख्या क्लबात फिरते. एकाला व्हेन्स सरळ हव्या असतात, दुसऱ्याला दोन अंश ऑफसेट (तिरक्या), तिसऱ्याला हेलिकल (पिळदार). जो तो आपल्यासाठी स्क्रू फिरवतो आणि जिग तशीच पुढच्याच्या हातात देतो. तुमचा बाण सहा महिन्यांपूर्वी ज्या सेटिंगवर झाला, ते सेटिंग आज त्या जिगवर असण्याची शक्यता जवळपास नाही. अशा जिगमध्ये बाण घालून रिकाम्या जागी व्हेन चिकटवली, की ती त्या जिगच्या दृष्टीने अचूक असते आणि तुमच्या बाकीच्या दोन व्हेन्सच्या दृष्टीने चुकीची. दोघी बाणाला एका गतीने फिरवू बघतात, तिसरी अडवते. बाणाची फिरकी मंदावते, हवेचा विरोध वाढतो, आणि लांबच्या पल्ल्यावर तो बाण बाकीच्यांपेक्षा खाली किंवा बाजूला पडायला लागतो. १८ मीटरवर हे कदाचित कळणारही नाही. ७० मीटरवर कळतं.

म्हणून गोंदाची बाटली उघडण्याआधी हे करा. निघालेल्या व्हेनचं काहीही न खरवडता बाण जिगमध्ये ठेवा आणि नॉक जिगच्या नॉक-धारकात नीट बसवा. त्यात नॉक किंचित खुळखुळत असेल तर तो दर वेळी एकाच बाजूला हलकेच फिरवून टेकवायची सवय करा, नाहीतर तेवढ्यानेच दोनतीन अंश जातात. आता बाण जिगच्या ठरलेल्या जागांपैकी अशा जागी फिरवा की क्लॅम्पखाली (व्हेन धरणाऱ्या चिमट्याखाली) शाबूत व्हेन येईल. क्लॅम्प उघडा, त्या व्हेनवर अलगद उतरवा आणि बंद करा. खिडकीकडे तोंड करून, मागून उजेड घेऊन बघा. क्लॅम्पचे दोन्ही ओठ व्हेनला न ढकलता बसले का? व्हेन मुळापासून वरपर्यंत उभीच राहिली, की क्लॅम्पने तिला एका अंगाला झुकवलं? मग दुसऱ्या शाबूत व्हेनवर हेच करा.

इथे चार गोष्टी दिसू शकतात, आणि प्रत्येकीचं कारण वेगळं आहे.

दोन्ही व्हेन्स न हलता क्लॅम्पमध्ये बसल्या, तर उत्तम. जिग आणि बाण एकमेकांना ओळखतात. सरळ पुढच्या कामाला लागा.

व्हेनचं पुढचं टोक एका बाजूला ढकललं जातंय आणि मागचं टोक विरुद्ध बाजूला, तर कोन वेगळा आहे, म्हणजे ऑफसेट जुळत नाही. जिगच्या पुढच्या किंवा मागच्या स्क्रूने क्लॅम्प हळूहळू सरकवा, व्हेन ढिली उभी राहीपर्यंत. एका व्हेनवर जुळलं की दुसरीवर पडताळा घ्या.

दोन्ही व्हेन्स अख्ख्या लांबीत एकाच दिशेने, सारख्याच ढकलल्या जातायत, तर फिरणं झालेलं आहे. नॉक फिरलाय किंवा जिगचा नॉक-धारक फिरलाय. नक्की कोण, हे कळायला त्याच सेटमधला दुसरा, चांगला वागणारा बाण त्याच जिगमध्ये घाला. तो बिनतक्रार बसला तर दोष या बाणाच्या नॉकचा. तोही तसाच ढकलला गेला तर जिगचा. हा पडताळा मिनिटभराचा आहे आणि मी तो कधीही टाळत नाही.

एक व्हेन बसते आणि दुसरी बसत नाही, तर त्या दोघींमधलं अंतरच १२० अंशांचं नाही. म्हणजे या बाणावर आधी कधीतरी कुणीतरी एक व्हेन अशीच, न जुळवता लावली आहे. अशा बाणाला तिसरी नवी जोडण्यात अर्थ नाही. तिन्ही काढा आणि नॉकच्या हिशोबाने तिन्ही नव्या लावा.

तीन हातांची, तिन्ही व्हेन्स एकदम चिकटवणारी जिग असेल तर एक व्हेन बदलणं अवघड जातं, पण तपासणीला ती फार चांगली. हात मिटताना शाबूत व्हेन्स कशा मुडपतात ते बघितलं की वरचीच चार उत्तरं मिळतात.

नॉक फिरलेला सापडला तर

आता स्वतःला एक प्रश्न विचारा. नॉक चुकून फिरला, की मुद्दाम फिरवला होता?

चुकून फिरण्याची कारणं रोजची आहेत. बटमधून बाण उपसताना मागे धरून पिळणं, ट्यूबमध्ये नॉक अडकणं, दुसऱ्या बाणाचा निसटता फटका. अशा वेळी शाबूत व्हेनवरून नॉक परत जागेवर आणता येतो. चांगल्या बाणावरून जिग जुळवून घ्या, मग या बाणाची शाबूत व्हेन क्लॅम्पमध्ये हलकी धरा, आणि व्हेनवरचा ताण जाईपर्यंत शाफ्ट आणि नॉक एकमेकांत फिरवा. ताण गेला की थांबा आणि लगेच बारीक खूण करा.

मुद्दाम फिरवलेल्या नॉकची गोष्ट वेगळी. पुष्कळजण व्हेन्स लावल्यानंतर ट्यूनिंग करतात आणि बाहेर जाणाऱ्या बाणाचा नॉक दहा-पंधरा अंश फिरवून त्याला ग्रुपमध्ये आणतात. तो बाण छान उडतो, पण त्याच्या व्हेन्स नॉकशी ठरलेल्या कोनात नसतात. जिगला हे कसं कळणार? ती नॉकपासून मोजते आणि नवी व्हेन भलतीकडे लावते. "दोनदा काढून लावली तरी तेच" ही तक्रार बहुधा याच बाणांची. इथे आत्ताची नॉकची जागा शाफ्टवर आणि नॉकवर बारीक रेघेने नोंदवा, नॉक फिरवून जुन्या व्हेन्सना जिगशी जुळवा, नवी व्हेन लावा, गोंद पूर्ण सुकला की नॉक पुन्हा रेघेवर आणा. माझं मत विचाराल तर स्पर्धेच्या बाणाला मी हा उपायही तात्पुरताच मानतो. वेळ मिळाला की तिन्ही व्हेन्स काढून, जुळलेल्या नॉकच्या हिशोबाने नव्याने लावून टाका. मग पुढच्या वेळी कुणाच्याही हातात तो बाण गेला तरी चुकणार नाही.

नॉक सैल असेल तर हे सगळं व्यर्थ. प्लंबर नळाच्या आट्यांना गुंडाळतो ती पांढरी टेप नॉकच्या दांड्याला एक वेढा गुंडाळून तो घट्ट बसवा. हाताने जोर लावल्यावर फिरला पाहिजे, पण नुसत्या फटक्याने फिरता कामा नये.

फटक्यात नॉक फुटला आणि व्हेनही गेली, असंही होतं. तेव्हा क्रम महत्त्वाचा. आधी उरलेल्या व्हेन्सवरून नवा नॉक जुळवायचा, मगच गेलेली व्हेन लावायची. आणि नॉकही गेला, तिन्ही व्हेन्सही गेल्या, तर उरतो नुसता शाफ्ट. तो वाचवायचा असेल तर आधीची नोंद लागते.

नोंद ठेवण्याची माझी पद्धत

प्रत्येक बाणाला नंबर द्या. शाफ्टवर नाव किंवा आद्याक्षरं असणं स्पर्धेच्या नियमात आहेच, त्याच्या शेजारी नंबर घाला. सेट ट्यून झाला की प्रत्येक बाणाच्या व्हेन्सच्या पुढ्यात कागदी टेपची अरुंद पट्टी शाफ्टभोवती एक वेढा गुंडाळा. तिच्यावर तिन्ही व्हेन्सच्या मुळांची जागा, इंडेक्स व्हेन (बाण लावताना दिशा कळावी म्हणून वेगळ्या रंगाची ठेवतात ती) कुठली, आणि शाफ्टवरच्या छापील अक्षरांपैकी एखाद्या अक्षराची उभी कड, एवढं बारीक पेनाने आखा. पट्टी उकला आणि वहीत त्या बाणाच्या नंबरपुढे चिकटवून टाका. छापील अक्षर शाफ्टवरून सहसा हलत नाही; नॉक, व्हेन्स सगळं गेलं तरी या पट्टीवरून इंडेक्स व्हेनची दिशा परत मिळते, आणि तिच्यावरून नॉकची. नॉक नंतर मुद्दाम फिरवलेला असेल तर त्याच्या खाचेची रेघही त्याच पट्टीवर वाढवा. सोबत मागून, नॉकच्या सरळ रेषेत, मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. वही हरवली तरी फोटो राहतो.

जिगच्या सेटिंगचीही नोंद करा. क्लबाच्या जिगवर कागदी टेप लावून स्क्रूची जागा आखता येते, पण त्यापेक्षा सोपं म्हणजे सेटमधला एक चांगला बाण "नमुना" म्हणून ठरवणं. जिग हातात आली की आधी नमुना घालायचा, त्याच्यावर क्लॅम्प जुळवायचा, मग बाकीचं.

हे सगळं अति वाटत असेल तर आकडे बघा. कंपाउंडचं (चाकं लावलेल्या धनुष्याचं) ५० मीटरचं टार्गेट ८० सेंटिमीटरचं असतं, त्यातलं दहाचं वर्तुळ फक्त ८ सेंटिमीटरचं. मधोमध नेम धरून सोडलेला बाण चार सेंटिमीटर सरकला की नऊच्या रेषेवर आलाच. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम सामन्यात १५० पैकी १५० केले, म्हणजे १५ च्या १५ बाण त्या वर्तुळात. त्याच स्पर्धेत साताऱ्याच्या आदिती स्वामीने महिलांचं वैयक्तिक सुवर्ण जिंकलं. त्या दर्जाचा नेम प्रत्येकाचा नसेल, पण ज्याने नेम नीट धरलाय त्याचा दहा आपल्या दुरुस्तीमुळे जाऊ नये, एवढं तर आपल्या हातात आहे.

काढणं, पुसणं, चिकटवणं: मुंबईच्या हवेत

उरलेला तुकडा मागच्या टोकाकडून पकडीने धरून सावकाश सोलून काढा. राहिलेला गोंद प्लास्टिकच्या पट्टीने किंवा सुरीच्या बोथट पाठीने, शाफ्टच्या लांबीच्या दिशेने खरवडा. धारेचं पातं कार्बनवर चालवू नका. गोंदाबरोबर धागेही निघतात. हे करताना नॉक जिगमध्ये नको, आणि त्याला मुठीत धरूनही नको. शाफ्ट मध्यावर धरा. मग भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरच्या नव्या कोरड्या तुकड्याने हलकंसं घासा, नुसती चमक जाण्यापुरतं.

पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. प्रिन्सेस स्ट्रीटला केमिकलच्या दुकानांत मिळतं, ऑनलाइनही मिळतं. सॅनिटायझर चालणार नाही, त्यात ग्लिसरीन असतं आणि त्याचा थर शाफ्टवर राहतो. नेलपॉलिश रिमूव्हर तर नकोच. त्यातल्या अॅसिटोनने पॉलिकार्बोनेटच्या नॉकला चिरा पडतात, आणि अशी चीर पहिल्यांदा दिसते ती नॉक स्ट्रिंगवर फुटतो तेव्हा. कापड स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहा. त्यानंतर त्या जागेला बोट लावायचं नाही. आपल्या दमट हवेत हाताला कायम घाम असतो, एका बोटाच्या ठशावरून व्हेन सुटते. अल्कोहोल लवकर पेट घेतं, म्हणून वन रूम किचनमध्ये काम करत असाल तर गॅस बंद आणि खिडकी उघडी.

व्हेनचा तळही पुसा, पण आधी पाकीट वाचा. काही व्हेन्सच्या तळाला कारखान्यातच प्रायमर लावलेलं असतं, ते पुसलं तर उलट तोटा.

आता गोंद. व्हेन्स चिकटवायचे बहुतेक गोंद सायनोअॅक्रिलेट (सुपरग्लू) जातीचे असतात आणि ते हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतात. जुलैमध्ये मुंबईत ओलाव्याला तोटा नाही, त्यामुळे ते फार भराभर धरतात. व्हेनच्या तळावर गोंदाची रेघ ओढून तुम्ही क्लॅम्प शोधत बसलात, तर वरचा पापुद्रा सुकलेला असतो आणि व्हेन नुसती टेकते, धरत नाही. कडेला पांढुरकी बुरशीसारखी झाक येते तीही याच हवेत जास्त. उपाय साधा आहे. व्हेन क्लॅम्पमध्ये घालून, क्लॅम्प हातात तयार ठेवून मगच गोंद लावा, आणि लगेच बसवा. रेघ बारीक हवी, दोन्ही बाजूंनी पाझरेल इतकी नको. पाझरलेला गोंद क्लॅम्पला चिकटतो आणि मागच्या टोकाचं वजनही वाढवतो. पाण्यासारख्या पातळ गोंदापेक्षा थोडा लवचिक, जेलसारखा गोंद मला बरा वाटतो. पातळ गोंद सुकल्यावर ठिसूळ होतो आणि बटमध्ये घुसताना बसणाऱ्या धक्क्याने सुटतो. क्लॅम्प काढल्यावर व्हेनच्या पुढच्या टोकाला गोंदाचा एक छोटा थेंब आवर्जून द्या. व्हेन सोलली जाते ती नेहमी पुढून.

उघडलेली बाटली पावसाळ्यात टेबलावर ठेवली तर काही आठवड्यांत आत दाटते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर फ्रिजमध्ये ठेवा, आणि वापरण्याआधी बाहेर काढून खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा. थंड बाटली उघडली की आत दव धरतं.

वजनाचं थोडक्यात. नवी व्हेन जुन्याच मापाची आणि जातीची हवी. शंका असेल तर ०.०१ ग्रॅम दाखवणारा, सराफांकडे असतो तसा छोटा काटा वापरा. १ ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम, त्यामुळे फरक सहज दिसतो. नॉकपासूनचं अंतर एखाद्या मिलिमीटरने इकडेतिकडे झालं तर मी फार मनावर घेत नाही. कोन मात्र घेतो.

रिकर्व्हवाल्यांच्या (चाकं नसलेलं, टोकं वळलेलं धनुष्य वापरणाऱ्यांच्या) स्पिन व्हेन्सना, म्हणजे वळलेल्या पातळ व्हेन्सना, गोंद नसतो, दुतर्फी टेप असते आणि दोन्ही टोकांना टेपचे वेढे. तिथेही आधी जिगमध्ये जुन्या व्हेन्सशी जुळवून शाफ्टवर बारीक रेघ आखा, आणि व्हेनची कड त्या रेघेला लावा. डाव्या फिरकीची की उजव्या, हे तिन्हींचं सारखं हवं. बंद गाडीत उन्हात ठेवलेल्या बाणांची टेप मऊ पडते, म्हणून मे महिन्यात वेढे अधूनमधून बोटाने चाचपून बघा.

लावून झाल्यावर

गोंदाच्या बाटलीवर लिहिलेला पूर्ण वेळ जाऊ द्या. मग व्हेन्सच्या कडांवर थोडी टाल्कम पावडर लावून जवळून एक बाण मारा. कुठे पावडर पुसली गेली तर तिथे व्हेन रेस्टला (बाण टेकतो त्या आधाराला), केबलला किंवा रायझरला (धनुष्याच्या मधल्या दांड्याला) घासते आहे. हे नव्या व्हेनवरच दिसलं आणि बाकी बाणांवर नाही, तर व्हेन कोनातच चुकली आहे.

त्यानंतर तो बाण सेटमध्ये मिसळा आणि तो कुठला ते न बघता मारा. दर एंडनंतर (बाणांच्या एका फेरीनंतर) वहीत टार्गेटचं वर्तुळ काढून त्याचा नंबर जिथे पडला तिथे लिहा. एका बाणावरून निकाल देऊ नका, चार-पाच एंड जाऊ द्या. बाण दर वेळी एकाच बाजूला पडत असेल तर कोनाचा किंवा नॉकच्या दिशेचा दोष आहे, जिगवरची तपासणी पुन्हा करा. कधी डावीकडे, कधी खाली, असा भरकटत असेल तर नॉक स्ट्रिंगवर सैल किंवा घट्ट बसतोय का, शाफ्टला तडा आहे का, टोक सैल झालंय का, ते बघा. व्हेन काढण्यात अर्थ नाही.

आणि एक खरेदीचं. स्पर्धेत तुमच्या सगळ्या बाणांच्या व्हेन्सचा आणि नॉकचा रंग व नक्षी सारखी असावी लागते. सेट तयार करतानाच त्याच रंगाच्या, त्याच मापाच्या व्हेन्सचं एक जास्तीचं पाकीट आणि चार-सहा नॉक घेऊन वहीबरोबर ठेवा. दोन वर्षांनी तोच रंग दुकानात असेलच असं नाही.